तळ्याचा नारळ

आमच्या गावाचं तळं घेणार ही बातमी मला चष्म्याच्या दुकानात कळली. माझं दुकान रत्नागिरीत आहे. वडिलांनी शिकायला म्हणून मला शहरात ठेवलं आणि मी तिथलाच होऊन बसलो. गाव लांज्याच्या बाजूला, फार लांब नाही. रविवारी मी जातो, वहिनींच्या हातचं जेवतो आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतो. एवढ्यावर मी गावकरी ठरतो की पाहुणा, हे गावाने अजून मला सांगितलेलं नाही. तर गावातला एक जण नंबर तपासायला आला होता. भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता मध्येच म्हणाला, "तळा घेतायत आपला. समितीवाले." कसली समिती, असं मी विचारलं, तर तो पुढची ओळ वाचायला लागला.

समिती कसली ते मग हळूहळू कळलं. महामार्गावरचं एक वाढतं शहर आणि त्याच्या आसपासच्या काही ग्रामपंचायती यांनी पाण्यासाठी एकत्र येऊन ती केली होती. त्यांना आज पाणी कमी पडत होतं असं नाही. पुढे पडेल, इमारती वाढतील, माणसं वाढतील, म्हणून भरवशाचं एखादं तळं आत्ताच ताब्यात घेऊन ठेवायचं होतं. माझ्या धंद्यात लांबचं स्वच्छ दिसणारी आणि जवळचं न दिसणारी माणसं रोज येतात, त्यामुळे मला या समितीचं नवल वाटलं नाही. नवल पुढे वाटलं ते आमच्या गावाचं.

आमचं तळं दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. एका बाजूला जांभ्या चिऱ्यांचा जुना बांध, दुसऱ्या बाजूला ग्रामदेवतेचं देऊळ आणि देवळातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. विहिरी आटल्या तरी मे महिन्यात तळ्यात पाणी असायचं आणि सगळा गाव तिथे यायचा. तळं कोणी बांधलं हे कोणालाच माहीत नाही. तळ्याचा नारळ कोणी फोडायचा हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

हा नारळ म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर गेलं. पाऊस सरला आणि तळं काठोकाठ स्थिरावलं की एका सकाळी गाव पायऱ्यांवर जमतो. गावकर गाऱ्हाणं घालतो, म्हणजे वर्षभर आम्हाला सांभाळ असं देवाला आणि तळ्याला मोठ्याने सांगतो. गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी; सरपंच निवडून यावा लागतो, गावकर त्या घरात जन्मावा लागतो. तो नारळ फोडतो, पहिलं खोबरं पाण्यात सोडतो आणि उरलेलं मानाप्रमाणे घराघराला वाटतो. दुसऱ्या खोबऱ्यावरून वरची भावकी आणि खालची भावकी यांचं इतकं जुनं भांडण आहे की ते कशावरून सुरू झालं हे सांगणारेही गेले. आमच्या घराचा मान शेवटचा. शिमग्यात देवाची पालखी घरोघरी फिरते तीही याच क्रमाने, आणि सगळ्यात शेवटी सड्यावर आमच्या अंगणात येते. शेवटचा म्हणजे मान नाही असं समजू नये, शेवटचा हासुद्धा मानच, असं माझे वडील सांगायचे. मी लहानपणी यावर हसत असे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा वडिलांनी त्यांनाही हेच सांगितलं असणार, आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून त्या सड्यावरच्या घरात एकट्या राहतात. सडा म्हणजे कातळच. पावसाळ्यात हिरवा दिसतो, पण मार्चनंतर तिथली विहीर रिकामी. गावाच्या नळयोजनेचे नळ सड्यावरही बसवलेत, पण त्यांतून पाणी वर चढलेलं मी पाहिलं नाही. वहिनींनी आपल्या नळाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. उन्हाळ्यात त्या पाखाडीने, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेने, तळ्यावर उतरायच्या आणि चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी घेऊन वर यायच्या. एका मे महिन्यात घसरल्या. हंडा गेला, मनगट मोडलं आणि ते वाकडं जुळलं.

पुतण्या डोंबिवलीला असतो. तो धावत आला, रागावला, आणि निघताना त्याने आईला सरळ सांगितलं, दारात पाणी आलं तर इथे राहा, नाही आलं तर घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं. वहिनींनी ते कबूल केलं. कबूल करायला त्यांचं काही गेलं नाही, कारण दारात पाणी आणायचं कसं याची काळजी त्यांनी माझ्यावर सोडली होती. मी ग्रामपंचायतीत जाऊन आलो. तिथे सगळ्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सड्यावरची वाडी उंचावर आहे ही माहिती दिली.

म्हणून समिती आली तेव्हा मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. तळ्यावर मोठा पंप बसणार, पाणी सड्यावरच्या टाकीत चढणार आणि तिथून उताराने शहराकडे जाणार, अशी ती योजना होती. टाकीची जागा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पाणी आपल्या दारावरून जाणार म्हटल्यावर त्यातलं थोडं दारात वळवायला कितीसा वेळ लागणार, असा माझा हिशेब होता. वहिनीही खूश होत्या. पाईप त्यांच्या कुंपणाच्या आतून जाणार होता, त्यासाठी एक रतांब्याचं झाड तोडावं लागणार होतं. त्यांनी एका शब्दाने हो म्हटलं आणि मोजणीला आलेल्या माणसांना कोकम सरबतही दिलं.

पहिली सभा देवळाच्या सभामंडपात झाली. समितीचा इंजिनिअर आला होता, तरुण, सभ्य, देवळात येताना बूट बाहेर काढून रांगेत ठेवणारा. त्याने नकाशा उलगडून सगळं नीट समजावलं. तळ्याला कुंपण पडेल, कारण ते आता पिण्याचं पाणी. कपडे धुणं बंद, गुरं उतरवणं बंद, गणपती विसर्जन बंद. मला वाटलं आता भडका उडणार. तसं काही झालं नाही. गणपती खालच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, न्यायचं ठरलं, क्रम तोच राहणार म्हटल्यावर कोणाची तक्रार उरली नाही. कपड्यांचं बायकांनी बघायचं असल्यामुळे त्यावर पुरुषांनी मत दिलं नाही. मग इंजिनिअरने शेवटी सहज सांगितलं की कामाचा नारळ समितीचे अध्यक्ष फोडतील, पुढच्या महिन्यात, तळ्याच्या पायऱ्यांवर.

गावकर उठला. म्हातारा, काटकुळा माणूस, आवाज कधी न चढवणारा. तो म्हणाला, "सायेब, तळ्याचा नारळ दुसऱ्यानी फोडलान असा आजवर झाला नाय." आणि तो निघून गेला. त्याच्यामागून वरची भावकी उठली आणि तिच्यामागून खालची भावकी. दोन्ही भावक्या एकाच दारातून बाहेर पडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. इंजिनिअर नकाशा हातात धरून बसून राहिला. त्याने कुंपण सांगितलं, बंदी सांगितली, तेव्हा लोक माना डोलवत होते, आणि आता एका नारळावरून सभा उधळली. बिचाऱ्याला काही सुधरेना.

पुढचे काही आठवडे गावात दुसरा विषय नव्हता. मुंबईहून चाकरमानी आले, गावकीच्या बैठका झाल्या. जे एकमेकांच्या ओटीवर चढत नव्हते ते मांडीला मांडी लावून बसले. अर्ज गेले, शिष्टमंडळ गेलं. इतका एकोपा, इतकी चिकाटी, इतका नेटका पाठपुरावा आमच्या गावात असू शकतो याची मला कल्पना नव्हती. ही ताकद पाण्यासाठी लावली असती तर सड्यावर कारंजी उडाली असती. मी एका रविवारी वहिनींना तसं म्हटलं. त्या भाजणी भाजत होत्या. म्हणाल्या, "पानी काय, मिळंलच. तळा आपला हाय. पन नारळ गेला तर परत येनार हाय काय?"

दुसऱ्या सभेत समितीने माघार घेतली. नारळ गावकर फोडील, गाऱ्हाणं गावाचं होईल, अध्यक्ष बाजूला उभे राहतील, आणि दरवर्षी त्या सकाळी कुंपणाचं फाटक उघडून गावाला पायऱ्यांवर जाऊ दिलं जाईल. सगळं मान्य. लोक खुशीत होते. इंजिनिअरही सुटकेच्या आनंदात होता, आणि त्या आनंदात त्याने एक चांगलं काम केलं. कागद आवरता आवरता तो थांबला आणि म्हणाला, "आणखी एक विचारायचं होतं. तुमच्या गावाला या योजनेतून पाणी हवं असेल तर आत्ताच मागणी करा, म्हणजे आराखड्यात धरता येईल. नंतर अवघड जातं."

गावकराने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "सायेब, पानी आमचा. आपलाच पानी आमी कुनाकडं मागायचा?"

टाळ्या पडल्या. मला आठवतं, सगळ्यात जोरात टाळ्या सड्यावरच्या वाडीतून आल्या. इंजिनिअर थोडा वेळ घुटमळला. त्याने पुन्हा विचारलं, मागणी नाही असं समजू का? कोणीतरी म्हणालं, समजा. तेव्हा मी उभा राहिलो. मी म्हटलं, मान मिळाला हे उत्तम झालं, पण सड्यावर माणसं डोक्यावरून पाणी नेतात, निदान त्या वाडीला एक नळ मागून घ्या. माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत मागून आवाज आला, "रत्नागिरीकरांना तहान लवकर लागते." सगळे हसले. गावकरही हसला, प्रेमाने हसला, आणि त्याने मला हाताने बसायची खूण केली. मी आणखी थोडं बोललो, पण हसणाऱ्या सभेपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बसलो.

घरी जाताना पाखाडीवर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. ओटीवर पोहोचल्यावर म्हणाल्या, "भावजी, चारचौघांत उभं राहून पानी मागितलंत? आपल्याच तळ्याचा? मान खाली गेली माजी."

मी म्हटलं, डोक्यावर हंडा असला की मान सरळच राहते, वहिनी. त्या हसल्या नाहीत. मला जेवायला वाढलं, पण आमसुलाची कढी मी मागितल्यावर वाढली. एरवी न मागता वाढतात.

नारळाचा दिवस फार छान झाला, हे कबूल केलं पाहिजे. ढोल-ताशे होते, पायऱ्या झाडून पुसून लख्ख केल्या होत्या. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत बाजूला उभे होते आणि गावकर धोतर नेसून, उपरणं घेऊन मध्ये. गाऱ्हाणं संपलं तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या खोबऱ्याचं काय होणार याची सगळ्यांना धास्ती होती, पण गावकराने एकाच वेळी दोन्ही हात पुढे केले, एकात वरच्या भावकीचं, एकात खालच्या भावकीचं. त्या दिवशी ते चाललं. शेवटचं खोबरं वहिनींच्या हातावर पडलं. त्यांनी ते डोक्याला लावलं आणि पदरात बांधलं. त्यांचं वाकडं मनगट मला तेव्हा दिसलं, आणि मी दुसरीकडे पाहिलं.

मग काम झालं. कुंपण पडलं, पंप बसला, सड्यावर टाकी उभी राहिली. वहिनींच्या अंगणाच्या कडेने पाईप गेला आणि त्यावर माती ओढून झाली. पंप सुरू झाला की तिथे जमिनीला कान लावल्यावर पाणी जाताना ऐकू येतं, असं त्या कौतुकाने सांगायच्या. पुतण्या फोनवर विचारायचा, आई, नळ आला का? त्या सांगायच्या, येतोय, काम चालू हाय. तो थांबत गेला. मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथे मला व्यवस्थित उत्तर मिळालं की गावाने मागणी केली नव्हती, आता पुढच्या टप्प्यात विचार होईल. पुढचा टप्पा कधी, ते त्यांना माहीत नव्हतं. मला भांडायला कोणी सापडलं नाही. विचारायचं ते त्यांनी विचारलं होतं, आणि तेही दोनदा.

उन्हाळा आला. विहिरी आटल्या, गावाची नळयोजना कोरडी पडली आणि तळ्याला कुंपण. समितीने टँकर दिला. टँकर भरायचा सड्यावरच्या टाकीवर, म्हणजे वहिनींच्या घराजवळ. तिथून तो वळणावळणाने खाली देवळाकडे जायचा आणि देवळापासून वाटप सुरू व्हायचं. आधी गावकराचं घर, मग भावक्या, मग बाकीच्या वाड्या. हा क्रम कोणी सभा घेऊन ठरवला नव्हता. पालखी ज्या क्रमाने फिरते त्या क्रमाने टँकर फिरू लागला, आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. देव शेवटच्या घरापर्यंत पुरतो, टँकर पुरत नाही. तो पुन्हा सड्यावर चढेपर्यंत त्याच्या तळाशी कधी चार हंडे असायचे, कधी नुसता आवाज.

एका रविवारी मी अंगणातच होतो. टँकर भरून निघाला आणि ड्रायव्हरने आमच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, ब्रेक मारला. बाहेरगावचा माणूस होता. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मावशी, आत्ता भरून घ्या. मागनं उरत नाही, मी रोज बघतोय." त्याने पाईपही खाली सोडला.

वहिनी ओटीवरून उठल्या नाहीत. "नको रे बाबा. आदी देवळाकडं जा. आमचा घर शेवटचा."

मी उठलो, हंडा उचलला आणि बेड्याकडे निघालो. वहिनींनी मला हाक मारली नाही, फक्त म्हणाल्या, "भावजी, सासऱ्यांनी सांगितलाय ते मोडू नका." मी हंडा हातात घेऊन उभा राहिलो. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो गेला. मला वहिनींचा भयंकर राग आला. वडिलांचाही आला, नसलेल्या माणसाचा जितका येऊ शकतो तितका. त्या दिवशी टँकर परत वर आलाच नाही. संध्याकाळी मी एसटीतून उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात तो रिकामा हंडाच होता.

मे अखेर पुतण्या आला. यावेळी तो रागावला नाही, त्यामुळे वहिनींना वाद घालता आला नाही. त्याने अंगणातल्या पाईपवरच्या मातीवर उभं राहून टाकीकडे पाहिलं, खाली तळ्याकडे पाहिलं आणि आईची ट्रंक बाहेर काढली. वहिनींनी देवघरातले देव फडक्यात बांधून घेतले. भांडी घासून पालथी घातली. कुलूप लावून किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "शिमग्याला येऊन उघडा. पालखी दारावरनं तशीच जाता नये." घर सोडताना त्या रडल्या नाहीत. मी रडलो, रत्नागिरीला परत आल्यावर, दुकानाचं शटर अर्धं ओढून.

किल्ली दुकानात लेन्सच्या कपाटाच्या आत टांगलेली आहे. शिमग्याला मी गेलो, घर उघडलं, अंगण झाडलं आणि पालखीची वाट पाहिली. आली, शेवटी.

वहिनींना मी आठवड्यातून एकदा फोन करतो. डोंबिवलीला पहिल्यांदा केला तेव्हा वाटलं होतं की त्या गाव गाव करत बसतील. तर त्यांनी पाण्याचंच सांगितलं. स्वयंपाकघरात नळ आहे, सकाळी धो धो येतो, सगळी भांडी भरून होतात आणि तरी येतच राहतो. मग त्यांनी विचारलं, "भावजी, हा पानी कुठल्या तळ्याचा ओ?"

मी म्हटलं, तिकडे वर कुठेतरी धरण असेल, मला नक्की माहीत नाही.

"इथं कोनालाच म्हाईत नाय. शेजारी विचारला, सोसायटीत विचारला." त्यांचा आवाज जरा खाली आला. "म्हनून मीच नळाखाली नारळ फोडलाय, पयल्याच दिवशी. पोरगा ओरडला, भांडी घासायच्या जागी काय फोडतेस म्हनून. पन कुठल्या तरी गावाचाच असनार ना तो? तेंचा मान कोनीतरी द्यायला नको?"

दुकानात गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. वहिनी म्हणाल्या, एक खोबरं तुमच्यासाठी ठेवलं होतं, वाळलं ते. आणि नळ आला असं सांगून त्यांनी फोन ठेवला.